पंख लावण्यापूर्वी बैल पाहावा

दुकानातील गादीमागच्या भिंतीवर टांगलेल्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे व्यापारी घरातील माणूस रोज सकाळी पाहतो. कुलूप निघते, उंबरठ्यावर पाणी शिंपडले जाते, उदबत्ती ओवाळली जाते आणि मग काटा व वही यांचा दिवस सुरू होतो. वर्षानुवर्षे ही तसबीर डोळ्यांसमोर असते. परंतु देवीच्या चार हातांपैकी मागचे दोन हात नेमके कोठून निघाले आहेत, असे विचारले तर उत्तर देणारा क्वचितच भेटेल. चार हातांची स्त्री कोणी कधी पाहिलेली नाही. तरीही त्या चित्राचे कोणाला नवल वाटत नाही, आणि नवल न वाटणे हेच त्या चित्रकाराचे यश आहे.

ज्या छापील चित्रांमुळे लक्ष्मीचे हे रूप दुकानादुकानांत पोहोचले, त्यांचा उगम राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या कुंचल्यात आहे. त्यांचा शिळाछाप छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला. रविवर्मा समोर खऱ्या माणसांना उभे करून अभ्यास करीत. साडीची निरी पायाशी कशी पडते, एका पायावर भार दिला की कंबर कशी कलते, फूल धरताना मनगट किती वळते, हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. म्हणून त्यांची देवी प्रथम एक उभी असलेली, वजन असलेली स्त्री आहे. तेवढे पटले की मागचे दोन हात पाहणाऱ्याचा डोळा बिनतक्रार स्वीकारतो. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर पाहिलेले हे मुद्दल आणि कल्पिलेले हे त्यावरचे व्याज. मुद्दलच नसेल तर व्याजाची नोंद वहीत करता येते, परंतु ती कोणी खरी मानीत नाही.

ही गोष्ट मुलांच्या चित्रांना कशी लागू पडते, हे पाहण्यास महागावइतके योग्य ठिकाण दुसरे शोधण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हे तालुक्याचे गाव यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेड आणि पुढे नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तूर. किराणा, कापड, बी-बियाणे, अडत असे व्यवहार ज्या भागात चालतात तेथे बैल हा नित्याचा प्राणी असतो. ट्रॅक्टर आले, मालवाहू गाड्या आल्या, तरी पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात.

पोळा श्रावण अमावस्येला येतो. श्वेतांबर परंपरेतील पर्युषण पर्व श्रावण वद्यात सुरू होऊन भाद्रपद शुद्ध चतुर्थीपर्यंत चालते, म्हणजे पोळा बरोबर पर्वाच्या मध्यभागी पडतो. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे बहुधा तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, कल्पसूत्राच्या वाचनात भगवान महावीरांचा जन्मप्रसंग येतो आणि मूर्तिपूजक संघांत त्रिशलामातेची चौदा स्वप्ने चांदीच्या प्रतिकृतींतून दाखविली जातात. बोल्या लागतात. एकेक स्वप्न वरून खाली येते: हत्ती, वृषभ, सिंह, लक्ष्मी, फुलांची माळ, चंद्र, सूर्य आणि पुढची सर्व. दिगंबर परंपरेत स्वप्ने सोळा आहेत आणि तेथेही आरंभीच्या स्वप्नांत वृषभ आहे. विदर्भातील व्यापारी घरातील मूल अशा रीतीने चोवीस तासांच्या आत दोन बैल पाहते. एक तोरणाखालचा, शेणामातीचा वास असलेला, शिंगांना बेगड लावलेला. दुसरा आकाशातून उतरणारा, पांढरा, तेजस्वी. एक डोळ्यांनी पाहिलेला, दुसरा कथेतून ऐकलेला.

समजा, अशा घरातील नऊ-दहा वर्षांच्या मुलीने दुसऱ्या दिवशी वहीच्या कोऱ्या पानावर पंख असलेला बैल काढला. घरात काय घडते? आजी कौतुक करते. काका विचारतात, ‘बैलाला पंख असतात का?’ शाळेत वहीवर शेरा पडतो. मग ती मुलगी मोबाइलवर बैलाचे एखादे तयार चित्र शोधते आणि ते हुबेहूब उतरवते. या वेळी सर्वजण वाहवा करतात. तिने काढलेल्या दोन चित्रांपैकी पहिल्यात कल्पना होती, परंतु पाहणे अपुरे होते. दुसऱ्यात दोन्ही नव्हते. वाहवा मात्र दुसऱ्याला मिळाली, आणि मूल कोणत्या बाजूला भाव चढतो आहे हे फार लवकर ओळखते. व्यापाऱ्याचे मूल तर अधिकच लवकर.

आता तर नक्कल करण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. पंखांचा बैल हवा असे यंत्राला सांगितले की क्षणार्धात चित्र समोर येते. ते देखणे असते, सोनेरी प्रकाशात न्हालेले असते. परंतु तो बैल कोणाच्या गोठ्यातला नसतो. नांदेडकडचा लाल कंधारी आणि वर्ध्याकडचा पांढरा गवळाऊ यांच्या चेहऱ्यांत काय फरक आहे, हे महागावच्या परिसरातील शेतकरी दुरूनही सांगतो. यंत्राच्या चित्रात तो फरक आला तरी काढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत तो उतरलेला नसतो. येथे धोका चित्राला नाही, पाहण्याच्या सवयीला आहे. ज्या घरात धान्याची मूठ हातावर घेऊन दाण्याची प्रत ओळखली जाते, कापसाची बोंडे चिमटीत ओढून धाग्याची लांबी अजमावली जाते, त्या घराला पाहण्याच्या सवयीची किंमत वेगळी सांगावी लागू नये.

त्या मुलीच्या पहिल्या चित्रात उणे काय होते? पंख नव्हे. पंखांची जागा. मुले बहुधा पाठीच्या मधोमध दोन पाने चिकटवावीत तसे पंख काढतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी होते, लोणी किंवा तेल व हळद लावून त्याचा खांदा शेकला जातो. त्या वेळी जवळ उभे राहून पाहिले तर उत्तर समोर दिसते. वशिंडाच्या पुढे, मानेच्या मुळाशी, जू घासून घट्ट झालेली कातडी असते. तिच्या खाली खांद्याचे रुंद हाड आणि त्यावर स्नायूंचा फुगवटा. बैल पुढचा पाय उचलतो तेव्हा तो फुगवटा कातडीखाली सरकतो. सारे बळ तेथे आहे. पंख हलवायचे असतील तर ते तेथूनच हलतील.

आणखी एक बाब आहे. पक्ष्याचा पंख हा त्याचा पुढचा पायच असतो. त्याला खांदा असतो, कोपर असते, मनगट असते. बगळा उडताना हे तिन्ही सांधे मोजता येतात. म्हणजे पंख असलेल्या बैलाला चार पाय आणि वर आणखी दोन अवयव, एकूण सहा. चार हातांच्या लक्ष्मीसमोर चित्रकाराला जी अडचण येते तीच येथेही येते, आणि जगभरच्या जुन्या कारागिरांनी ती आपापल्या परीने सोडविली. इराकमधील खोरसाबाद येथे असीरियाचा राजा दुसरा सर्गोन याने इसवी सनापूर्वी आठव्या शतकात बांधलेल्या राजवाड्याच्या दारांवर माणसाचे मुख असलेले प्रचंड पंखधारी बैल होते. त्यांतील काही आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यांना पाय पाच आहेत! समोरून पाहिले तर बैल स्थिर उभा दिसावा आणि बाजूने पाहिले तर चालताना दिसावा, म्हणून शिल्पकाराने एक पाय अधिक कोरला. त्यांचे पंख मात्र खांद्यापासूनच निघतात. पाय वाढवताना न कचरणाऱ्या त्या शिल्पकाराने पंखांची जागा चुकविली नाही. भारतीय कारागिरांनी अशा ठिकाणी हार, झूल, बाजूबंद किंवा उत्तरीय यांची मदत घेतली. जेथे सांधा पटणार नाही तेथे दागिना येतो. हे कपट नव्हे. सांधा कोठे आहे हे ठाऊक असल्याशिवाय तो झाकता येत नाही.

महाराष्ट्रात या दोन्ही कामांवर सारखेच प्रभुत्व असलेला चित्रकार शोधू जाता महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव प्रथम येते. ते १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मले. १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त होण्यापूर्वी काही काळ त्या संस्थेच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली. या कालखंडाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मवृत्तात लिहून ठेवल्या. ते १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. जाता जाता नोंदवावे असे की ज्या कलाशाळेत ते घडले ती १८५७ मध्ये सुरू झाली ती सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. आणि जमशेटजी हे व्यापारी होते. चित्रकला हा व्यापारी घराचा प्रांत नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी हे स्मरणात ठेवण्यास हरकत नाही.

कलाशाळेतील शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचे होते. आधी वस्तू, मग प्लास्टरचे पुतळे, मग समोर बसलेला जिवंत माणूस, अशी पायरीपायरीने वाट होती. धुरंधरांनी ही शिस्त वर्गाबाहेर नेली. मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे, त्यांचे पोशाख, पागोट्यांचे प्रकार, बायकांच्या लुगड्यांच्या नेसणी, ओझे वाहणाऱ्यांची चाल यांची रेखाटने त्यांनी विपुल केली. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकासाठी चित्रे त्यांचीच आहेत. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथातील रंगीत चित्रेही त्यांचीच. निरनिराळ्या प्रांतांतील आणि समाजांतील स्त्रिया वेशभूषेसह त्यांत आहेत.

या दोन पुस्तकांच्या मध्ये, १९१४ साली, सी. ए. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ निघाले. त्यातील कथा म्हणजे श्रावणात आणि व्रतांच्या दिवशी मराठी घरांत सांगितल्या जाणाऱ्या कहाण्या. चित्रे पुन्हा धुरंधरांची. गल्लीतील पागोटेवाला रेखाटणारा हात तोच, आणि नागराजाच्या कथेला चित्र देणारा हातही तोच. मध्ये दोन वर्षांचे अंतर होते. हात बदलण्याची गरज पडली नाही.

नागपंचमीची कहाणी मराठी मुलखात बहुतेक घरांत परिचित आहे. साऱ्या जावा माहेरी गेलेल्या, धाकट्या सुनेला माहेर नाही. नागोबा तिचा मामा होऊन येतो, तिला वारुळातून पाताळातील आपल्या घरी नेतो. तेथे नागिणीच्या बाळंतपणात सुनेच्या हातून दिवा पडतो आणि नागाच्या पिलांची शेपटे भाजतात. मोठी झाल्यावर ती पिले सूड घेण्यास येतात आणि ती सून पाटावर नागांची चित्रे काढून त्यांचेच क्षेम चिंतीत असलेली पाहून परत फिरतात. या कहाणीत अद्भुत किती आणि घरगुती किती याचा हिशेब मांडून पाहावा. पाताळ, नागाचा वाडा, माणसाचे रूप घेतलेला नाग हे अद्भुत. परंतु माहेर नसलेल्या सुनेचे दुःख, मामाने न्यायला येणे, बाळंतिणीच्या खोलीतील दिवा, घाबरून सुटलेला हात, भाजलेली शेपटी हे सारे घरातले. भाजलेल्या शेपटीमुळेच नागाचे पिलू खरे वाटते. अशा कथेला चित्र द्यायचे तर दिवा हातात कसा धरतात आणि दचकल्यावर बोटे कशी उघडतात हे चित्रकाराला आधी ठाऊक हवे. नागलोक मागाहून येतो. ज्याने वर्षानुवर्षे बायकांना दिवे लावताना, पाणी भरताना, मुले कडेवर घेताना पाहून रेखाटले, त्याला नागलोकाची भीती बाळगण्याचे कारण नव्हते.

आणखी एक गोष्ट या कहाणीत दडलेली आहे. सुनेला वाचवते ते तिने काढलेले चित्रच.

युरोपातील थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची यानेही आपल्या टिपणांत हाच व्यवहार सांगून ठेवला आहे. काल्पनिक प्राणी खरा वाटावा असे वाटत असेल तर त्याचा प्रत्येक अवयव एखाद्या खऱ्या प्राण्याचा असावा, डोके एका जातीच्या कुत्र्याचे, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान पाणकासवाची, असा त्याचा सल्ला होता. त्याचा चरित्रकार वसारी सांगतो की तरुणपणी एका ढालीवर भयानक प्राणी रंगविण्यासाठी त्याने सरडे, साप, वटवाघळे, टोळ असे जीव खोलीत आणून ठेवले आणि कामात इतका गढून गेला की त्या मेलेल्या जीवांची दुर्गंधीही त्याला जाणवली नाही. ही हकीकत अहिंसा मानणाऱ्या वाचकाला रुचणारी नाही, आणि रुचू नये. तोच वसारी हेही लिहितो की बाजारात पिंजऱ्यातील पक्षी दिसले की लिओनार्दो मागेल ती किंमत देऊन ते विकत घेई आणि आकाशात सोडून देई. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मुलांना शिकविताना दुसरी घ्यावी. बगळ्याचा पंख पाहण्यासाठी बगळा हातात असावा लागत नाही. पावसाळ्यात नांगरामागून चालणारे बगळे दहा पावलांवरून दिसतात, आणि जिवंत पंख जे सांगतो ते मेलेला सांगत नाही.

जैन व्यापारी समाजाला तर या विषयासाठी इतके दूर जाण्याचेही कारण नव्हते. या समाजानेच एक चित्रप्रकार शतकानुशतके पोसला, ज्यात गावातील बाजार आणि स्वर्गीय स्वप्ने एकाच कागदाच्या पट्टीवर नांदतात. तो म्हणजे विज्ञप्तिपत्र. चातुर्मासासाठी आचार्यांनी आपल्या गावी यावे अशी विनंती करणारे, किंवा पर्युषणानंतर क्षमापना कळविणारे पत्र संघाकडून पाठविले जाई. पुढे ते साधे पत्र न राहता चित्रांची लांब गुंडाळी झाले. आरंभी मंगल कलश, अष्टमंगल, चौदा स्वप्ने. त्यानंतर गावाची चित्रे, मंदिरे, रस्ते, पेठ, दुकाने, राजाची सवारी. शेवटी मजकूर आणि संघातील प्रमुखांच्या सह्या. आचार्यांना गाव दाखवायचे होते, आणि गाव दाखवायचे तर ते ओळखू येईल असे काढणे भाग होते.

अशा पत्रांतील सर्वांत प्रसिद्ध पत्र १६१० मधील आहे. आग्र्याच्या संघाने ते तपागच्छाचे आचार्य विजयसेनसूरी यांना पाठविले. पर्युषणात जीवहत्या होऊ नये असे फर्मान जहांगीर बादशहाने दिले, त्या प्रसंगाची ती चित्रे आहेत. चित्रकार होता बादशहाच्या पदरी असलेला उस्ताद शालिवाहन. त्या वेळी जे पाहिले त्याचाच भाव चित्रात ठेवला आहे, अशा अर्थाची नोंद त्या पत्रातच केलेली आहे. दरबारातील माणसांजवळ त्यांची नावे लिहिली आहेत. ही गुंडाळी अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिरात जतन केलेली आहे. एका व्यापारी संघाला आपल्या आयुष्यातील मोठी घटना दूर असलेल्या गुरूंना दाखवायची होती आणि त्यासाठी त्याने प्रत्यक्ष पाहणारा चित्रकार निवडला, हे त्यातील मर्म आहे. केवळ ऐकून रंगविणारे चितारी आग्र्यात कमी नसणार.

१८३० मध्ये उदयपूरच्या संघाने बिकानेरला असलेल्या आचार्य जिनहर्षसूरींना पाठविलेली गुंडाळी सुमारे ७२ फूट लांब आहे. तीत पिछोला तलाव आहे, राजवाडा आहे, महाराणा जवानसिंहांची मिरवणूक आहे, आणि लांबच लांब बाजार आहे. विदर्भातील अनेक जैन घरांचे मूळ मारवाडात किंवा गुजरातेत आहे. अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखातीलच आहेत. दोघांनाही ही पेठ पाहताना अनोळखी वाटू नये. दुकानाच्या कठड्यावर बसलेला माणूस गिऱ्हाईकाकडे कसा किंचित वाकतो, हे दोनशे वर्षांत फारसे बदललेले नाही.

अशा गुंडाळीवर काम करणाऱ्या चिताऱ्याच्या कामाचा क्रम डोळ्यांसमोर आणून पाहावा. वरच्या भागात स्वप्नातील वृषभ काढायचा. खाली पेठेत गाडीला जुंपलेले बैल काढायचे. स्वप्नातला वृषभ त्याने पाहिलेला नव्हता. पेठेतला रोज पाहिला होता. वरच्या वृषभाची शिंगे, वशिंड, गळ्याखालची पोळी हे सर्व त्याने खालच्या बैलाकडूनच घेतले असणार, कारण घेण्यासाठी दुसरा बैल नव्हताच. रंग पांढरा केला, डोळा मोठा केला, गळ्यात मोत्यांची माळ घातली. थकवा काढून टाकला. खांद्यावरची जुवाची खूणही काढून टाकली असेल. स्वप्नातला बैल गाडी ओढत नाही. काय वाढवायचे यापेक्षा काय गाळायचे हे ठरविण्यातच त्याच्या कल्पनेचा अधिक कस लागला असावा. आणि जुवाची खूण गाळण्यासाठी ती आधी दिसलेली असावी लागते.

पर्युषणात कल्पसूत्राच्या पोथीतील चित्रे पाहणाऱ्यांच्या मनात येथे एक शंका येईल. पश्चिम भारतातील जुन्या जैन पोथ्यांत चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला दूरचा डोळा, टोकदार नाक, ताणलेली छाती असते. तेथे प्रत्यक्ष पाहणे कोठे राहिले? शंका रास्त आहे. त्या चित्रांची भाषा ठरीव आहे आणि समोर बसलेल्या माणसावरून ती काढलेली नाहीत. परंतु त्याच पोथ्यांत वस्त्रांवरील हंसांच्या, फुलांच्या, वेलींच्या नक्षीकडे नीट पाहिले तर त्या काळच्या कापडाचा नमुना समोर आल्यासारखा वाटतो. त्या पोथ्या बहुतांशी व्यापाऱ्यांनी करवून घेतल्या. आपल्या दुकानातील माल देवतांच्या अंगावर पाहून एखादा कापड व्यापारी मनोमन सुखावला असेल, तर त्याला दोष का द्यावा?

आता महागावच्या त्या मुलीकडे वळताना प्रश्न व्यवहाराचा उरतो. तिने शिकावे कसे? महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन विषय आहेत. वस्तुचित्रात वस्तू समोर असते. स्मरणचित्रात ती समोर नसते, पाहिलेले आठवून काढायचे असते. या दोन विषयांच्या मधला जो पूल आहे तोच कल्पनेकडे जातो. दुर्दैवाने स्मरणचित्रासाठी मुले बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांतील जत्रा आणि बसस्थानके पाठ करतात. महामार्गावरच्या गावात राहून बसस्थानक पुस्तकातून पाठ करावे, याला काय म्हणावे! त्याऐवजी बाजाराच्या दिवशी दुकानाच्या एका कोपऱ्यात स्टूल टाकून मुलाला अर्धा तास बसू द्यावे. हातात पेन्सिल आणि रद्दीतील पाठकोऱ्या पावत्या. तराजू तोलणारा हात, पोते पाठीवर घेणारा हमाल, तांड्यावरून आलेल्या बंजारा स्त्रीच्या घागऱ्यावरील आरसे, पिशवीत सरकीची पेंड घेऊन उभा असलेला शेतकरी. माणूस हलला की चित्र अपुरे राहील. राहू द्यावे. अपुरी रेघ पुरी करण्यासाठी रात्री घरी जे आठवावे लागते, तेथेच आठवणीला सराव मिळतो. खोडरबर त्या अर्ध्या तासापुरते गल्ल्यात ठेवावे.

घरातील मोठ्यांनी विचारायचा प्रश्नही बदलावा लागेल. ‘बैलाला पंख असतात का?’ या प्रश्नाने चित्र थांबते. ‘हा पंख मिटला की कोठे बसेल?’ असे विचारले तर मूल उठते आणि अंगणातील कोंबडीकडे किंवा तारेवरच्या कबुतराकडे पाहू लागते. पंख मिटण्याची जागा कळली की झूल किती मागे सरकवावी लागेल हेही त्याच्या ध्यानात येते.

चार-सहा महिन्यांच्या अशा पावत्या जमल्या की घरातील मुलांनी मिळून महागावची एक गुंडाळी करावी. कोणाला पाठवायची नसली तरी चालेल. चातुर्मासासाठी साधू-साध्वी जवळपास असतील तर त्यांना दाखविता येईल. कागदाच्या पट्ट्या खळीने जोडल्या की लांबी हवी तेवढी मिळते, आणि गुंडाळण्यासाठी कापडाच्या ताग्यातून निघालेली पुठ्ठ्याची नळी कोणत्याही कापड दुकानात पडून असते. महामार्ग हा तिचा कणा. त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने, त्यांच्या पाट्या, पाट्यांखालची माणसे, बसची वाट पाहणारे विद्यार्थी, कापसाने भरलेली गाडी, खाली पैनगंगेचे पाणी. गावात ज्याच्या घरी बैलजोडी आहे त्याच्याकडे खांदशेकणीच्या संध्याकाळी मुलांना आवर्जून पाठवावे. नदीत मगर हवी असेल तर मगर काढावी, जिनिंगमधून उडालेल्या रुईचे ढग व्हावेत असे वाटले तर तेही करावे, फक्त रुई हवेत कशी तरंगते हे एकदा पाहून यावे. वरचा हातभर कागद मात्र आरंभी कोरा सोडावा. चौदा किंवा सोळा, आपापल्या घराच्या परंपरेप्रमाणे जितकी स्वप्ने असतील तितक्या चौकटी पेन्सिलीने आखून ठेवाव्यात, आणि खालच्या पेठेतील बैल नीट उभा राहिल्यावर दुसऱ्या चौकटीस हात घालावा.